तंबोऱ्यापाशी माझी जागा

"वहिनी, तुम्ही जरा उठता? मी बसते तिथं," कुंदाबाई म्हणाल्या, आणि मी उठले.

उठायला नको होतं, हे मला उठता उठताच कळलं. पण परक्या बाईच्या घरात, तिच्याच तंबोऱ्यापाशी, तिनं एवढ्या गोड आवाजात सांगितल्यावर ठिय्या मारून तरी कसं बसणार? मी पदर सावरला आणि भिंतीशी जाऊन टेकले. कुंदाबाई माझ्या जागेवर बसल्या. समोर आमचे हे, मध्ये आडवा ठेवलेला तंबोरा, दोघांत हातभर अंतर. सतरा वर्षं त्या जागेवर माझ्याशिवाय कोणी बसलं नव्हतं.

ह्याला आता पंचवीसच्या वर वर्षं झाली. आम्ही मिरजेचे. आमचे हे, आनंदा सुतार, तंबोऱ्याच्या कामातले, आणि त्यातही जवारी काढणारे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर, तारांच्या खाली, एक बसकी पट्टी असते, तिला घोडी म्हणतात. तिच्या पाठीवर तार किती टेकते नि किती सुटते, ह्यावर तंबोरा बोलणार की नुसता वाजणार ते ठरतं. ती पाठ कानशीनं घासून बरोबर करायची, म्हणजे जवारी काढायची. तारा सैल करून बाजूला सारायच्या, कानस दोन हात फिरवायची, तारा परत चढवायच्या आणि छेडून बघायचं. जमेपर्यंत पुन्हा तेच. कानस कमी पडली तर आवाज कोंडलेला, जास्त पडली तर फाटका. आणि घासलेलं काही भरून येत नाही.

हे ज्या दुकानात कामाला होते तिथं इतर कारागिरांना तार छेडायला कोणीही चालायचं. काही जण स्वतःच छेडायचे. आमच्या ह्यांचं तसं नव्हतं. लग्न होऊन महिना झाला असेल, जवारीसाठी तंबोरा घरी घेऊन आले आणि मला म्हणाले, तू छेड. मी छेडली. ह्यांनी कानस हातात धरली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मी लाजून अर्धी झाले. तेव्हापासून ती पद्धतच पडली. जवारीचं काम घरी आणायचं, मी छेडायचं, ह्यांनी माझ्याकडं बघायचं आणि मग कानस ठेवायची नाहीतर पुन्हा उचलायची. ह्या माणसानं मला कधी गजरा आणला नाही, कधी नाटकाला नेलं नाही, बोलणं तर मोजूनमापून. पण ते बघणं होतं. आमच्या गल्लीतल्या बायका नवऱ्यांची गाऱ्हाणी सांगायला बसल्या की मी गप्प असायचे आणि मनातल्या मनात मिरवायचे.

कुंदा वेरेकर ही गोव्यातली गाणारी बाई. फोंड्याच्या पुढे एका खेड्यात राहायची. दर वर्षी तिचे तंबोरे जवारीला मिरजेला यायचे, इथं घंटेसारखे वाजायचे आणि घाट उतरून गेले की महिनाभरात दमट हवेनं मुके व्हायचे. शेवटी कंटाळून तिनं पत्र घातलं. घराशेजारी गाण्याचं विद्यालय काढते आहे, मागं दोन खोल्या आहेत, कामाला पडवी आहे, सगळ्या गोव्यात जवारी जाणणारा माणूस नाही, तर तुम्ही दोघं इथंच येऊन राहा. आधी आठ दिवस येऊन बघा, मग ठरवा.

ह्यांना जायचं होतं. पोरगी इस्लामपूरला माझ्या आईकडं शिकायला, मागं कोणी नाही. पण एवढं मिरजेतलं नाव सोडून आडगावी कशाला जायचं, ते काही सांगेनात. फक्त एवढंच म्हणाले, "तू हो म्हणालीस तर जाऊ. नाही म्हणालीस तर विषय संपला." मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. आपल्या शब्दाला एवढी किंमत आहे म्हणून मी नवं लुगडं पेटीत घालून निघाले.

आणि दुसऱ्याच दिवशी माझी जागा गेली.

बाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर सोपं झालं असतं. पंचेचाळिशीच्या, लग्न न केलेल्या, केस कानांवरून मागं घेतलेले, आणि आवाज असा की साधं 'जेवायला चला' म्हणाल्या तरी माणसानं पुन्हा एकदा ऐकावं. स्वतः वाढायच्या. ह्यांना कढी आवडली तर दुसऱ्या दिवशी जास्त करायच्या. मला आग्रह ह्यांच्यापेक्षा काकणभर जास्तच. पण मी त्यांच्या हातचं जेवत होते आणि आतून जळत होते. त्यांनी तार छेडली की आमचे हे कानस हातात धरून त्यांच्या तोंडाकडं बघायचे. टक लावून. पापणी न हलवता. तेच ते बघणं, माझं होतं ते. त्यात एका बोटाचा फरक नव्हता, आणि मी भिंतीशी बसून रिकाम्या हातानं बघत होते.

तिसऱ्या दिवशी मी पेटीतलं नवं लुगडं नेसले. ह्यांनी विचारलं, कुठं जायचंय का? चौथ्या दिवशी मी त्या गावाला नावं ठेवायला लागले. माती लाल, कपड्यांचे डाग जात नाहीत. ज्वारीची भाकरी औषधाला मिळत नाही. सगळीकडं ओल, मीठसुद्धा डब्यात पाणी सोडतं. दुकान एक, तेही दुपारी झोपतं. हे सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, बघ, अजून चार दिवस आहेत. काही दिलासा नाही, काही वाद नाही. मला वाटे, वाद घालायला मन जाग्यावर लागतं, ते कुठं आहे?

कारण कामही तसंच चाललं होतं. विद्यालयाचे दोन नवे तंबोरे होते. मिरजेत दोन तासांत उरकायचं ते काम इथं दिवसभर पुरत होतं, आणि दिवसभर करूनही नीट होत नव्हतं. बाईंना चालण्यासारखं झालं होतं, पण मला ऐकू येत होतं की त्यात अजून कसर आहे. अजून एक हात पाहिजे होता, मग तो आवाज सुटला असता. मी ते बोलले नाही. मला विचारलं होतं कोणी? चित्त त्या बाईवर असल्यावर हात कसा चालणार, अशी मी माझी समजूत करून घेतली आणि ती समजूत उशाशी घेऊन झोपले.

सहाव्या दिवशी बाईंनी आईचा तंबोरा काढला. जुना, काळपट भोपळ्याचा. त्याची घोडी सांबरशिंगाची होती. आता ते शिंग मिळत नाही, कोणी आणलं तर गुन्हा. बाई म्हणाल्या, आईनं ह्याच्यावर चाळीस वर्षं गायलं, ती गेल्यापासून मी कोणाला हात लावू दिला नाही. ह्यांनी घोडी उलटसुलट करून बघितली. दोनदा घासून झालेली, पातळ झाली होती. एकदाच निभेल म्हणाले. बाई म्हणाल्या, तुमच्या हातून निभू दे.

मग बाई माझ्या जागेवर बसल्या, मी भिंतीशी.

ह्यांनी कानस अगदी हलक्या हातानं चालवली. तारा चढवल्या, बाईंनी छेडल्या, हे बघत राहिले, पुन्हा सैल केल्या. तीनदा झालं. चौथ्यांदा तारा चढवल्या आणि बाईंनी पंचम छेडला, मग जोडीच्या दोन तारा, मग खर्ज, आणि तो तंबोरा बोलला. मी आयुष्यात शेकडो तंबोरे ऐकले असतील. तसा नाही ऐकला. एक तार छेडली की त्यातून दुसऱ्या चार उठत होत्या आणि खोलीभर कोणीतरी बसून गात असल्यासारखं वाटत होतं. मी राग विसरले, जागा विसरले.

बाईंचे डोळे मिटलेले होते. कपाळाला आठ्या पडल्या, तोंड वाकडं झालं, त्यांनी 'च्च' केलं आणि नाही नाही म्हटल्यासारखी मान हलवली. गाणाऱ्यांची ही रीत मला ठाऊक होती. सूर जिवाला लागला की त्यांचा चेहरा पोटात कळ आल्यासारखा होतो.

आमच्या ह्यांनी तो चेहरा बघितला. कानस हातात तशीच. मग त्यांनी मान वळवली आणि भिंतीकडं, माझ्याकडं बघितलं.

पाच दिवस मी त्या नजरेसाठी तडफडत होते. आणि ती मिळाली तेव्हा मला काय झालं, देव जाणे. मनात आलं, आता आठवण झाली होय? तिचं बघून झालं, आता उरलंसुरलं माझ्या वाट्याला? मी तोंड खिडकीकडं फिरवलं. बाहेर माड होते, त्यांच्याकडं बघत बसले.

मागं खुंट्या पिळल्याचा आवाज आला. हे तारा सैल करत होते. जमलेल्या जवारीला पुन्हा कानस? 'थांबा' हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता. तेवढ्यात दुसरा विचार आला. बिघडू दे. बिघडलं तर ही बाई आपल्याला ठेवून घेणार नाही, उद्याच्या गाडीनं मिरज. मी ओठ मिटले. कानस दोन हात फिरली.

तारा चढल्या. बाईंनी छेडल्या आणि डोळे उघडले. पत्र्यावर खडे पडावेत तसा आवाज निघाला. बाईंनी पुन्हा छेडून बघितलं नाही. तारांवर तळवा ठेवून त्या गप्प केल्या.

"काय झालं, आनंदराव?"

"हात चुकला," हे म्हणाले.

घोडीला आता कानस लावायला जागाच उरली नव्हती, ते तिघांनाही दिसत होतं. बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठून आत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

घरामागं एक तळी होती, पायऱ्या बांधलेली. हे तिथं जाऊन बसले. मीही गेले. ऊन उतरलं होतं. मला वाईट वाटत होतं आणि त्याच्याखाली कुठंतरी गुदगुल्याही होत होत्या, की चला, सुटलो. मी दोन पायऱ्या वर बसले आणि म्हटलं, होतं असं, माणूस आहे, चुकतो.

"मला वरचं ऐकू येत नाही, मालन," हे म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग ते हळूहळू सांगत गेले, पाण्याकडं बघत. बोलणं ऐकू येतं. भोपळ्याचा घुमारा येतो. पण त्याच्यावर जी बारीक झणझण असते, जिच्यासाठी जवारी काढायची, ती येत नाही. डॉक्टरला दाखवून झालं होतं, मिरजेत नव्हे, कोणी बघू नये म्हणून सांगलीला जाऊन. उपाय नव्हता. आता दुकानाचा मालक म्हणत होता की जवारी घरी नेऊ नको, इथंच सगळ्यांत बसून काढ. तिथं दहा कारागीर ओळीनं बसतात, दहा जोडी कान. महिन्याभरात बोभाटा झाला असता.

"म्हणून इथं यायचं म्हणत होतो. इथं तू आणि मी, तिसरं कोण?"

"मग इतके दिवस जवारी कोण काढत होतं?"

"तू," हे म्हणाले. "बरोबर लागली की तुझं तोंड जरासं उघडं राहतं. तुला माहीत नाही. ते दिसलं की मी कानस ठेवतो."

कोणी तरी खालची पायरी काढून घेतल्यासारखं झालं. म्हणजे ते बघणं हे होतं. ज्याच्यावर मी गल्लीतल्या बायकांत मिरवले, ज्याच्यासाठी मी पाच दिवस एका चांगल्या बाईला मनातल्या मनात शिव्या घातल्या, ते बघणं म्हणजे माझा कान उसना घेणं होतं. बाईंकडं बघत होते तेही त्याचसाठी. मला त्यांचा मत्सर वाटावा असं तिथं काही नव्हतंच. आणि मिरवावं असं माझ्यापाशीही काही नव्हतं.

"बाईंना उठवायचं होतं ना मग. माझी बायको छेडेल म्हणायचं," मी म्हटलं.

"त्यांनी 'का' विचारलं असतं तर काय सांगणार होतो?" मग म्हणाले, "त्यांचा चेहरा मला वाचता येईना. आज च्च करून मान हलवली, मला वाटलं अजून नाही जमलं. तरी खात्री नव्हती. म्हणून तुझ्याकडं बघितलं."

पुढचं ते बोलले नसते तरी चाललं असतं. पण बोलले, रागावून नाही, हवापाण्याचं बोलावं तसं. "तू तोंड फिरवलंस."

मग म्हणाले, उठ, पेटी आवरू. तुला करमत नव्हतंच इथं.

मी उठले, पण पेटीकडं नाही गेले. बाईंच्या दारावर थाप मारली. त्या पलंगावर बसल्या होत्या, ती घोडी काढून हातात घेतली होती. मी उभ्याउभ्या सांगितलं. आमच्या कामाची पद्धत अशी, की छेडणाऱ्यानं नाहीतर ऐकणाऱ्यानं थांब म्हणायचं असतं. कानशीवर लक्ष असणाऱ्याला ते कळत नाही. जवारी जमली होती, मला कळलं होतं, ह्यांनी माझ्याकडं बघितलंही होतं, आणि मी थांब म्हटलं नाही. चूक त्यांच्या हाताची नाही. कानाचं मी काही बोलले नाही. ते माझं सांगायचं नव्हतं.

"का नाही म्हटलंत?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही माझ्या जागेवर बसला होतात."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ही मला घराबाहेर काढणार, आणि काढावंच.

"एवढंच होतं," त्या म्हणाल्या, "तर त्या दिवशी उठायचं नव्हतं, वहिनी. मी कुठंही बसले असते."

मला रडू आलं. बाईंनी मला रडू दिलं, समजूत घातली नाही. मग घोडी रुमालात गुंडाळून उशाखाली ठेवली आणि म्हणाल्या, नवी बसवावी लागेल. हाडाची मिळते ती. आईचा आवाज त्यातून निघायचा नाही, पण मुका तंबोरा घरात ठेवायचा नाही मला. मिरजेहून करून पाठवलेली इथं टिकत नाही, हे तुम्हांला पाठ असेल. तेव्हा ती इथंच बसून करायची, आणि छेडायला तुम्ही. जमेल का, ते तुमचं तुम्ही ठरवा. त्यांच्या आवाजात गोडवा नव्हता आणि मला तो नकोही होता.

परत तळीवर आले तेव्हा हे तसेच बसले होते. बाई काय म्हणाल्या ते सांगितलं. कानाची गोष्ट काढली नाही हेही सांगितलं. ह्यांनी मान हलवली. आता ठरवायचं माझ्याकडंच होतं, आणि माझ्या मनात वेगळंच अडकलं होतं. घोडी नाही, गोवा नाही. विचारायची लाज वाटत होती, पण ते विचारल्याशिवाय मी ह्या माणसाबरोबर मिरजेलाही जाऊ शकत नव्हते.

"कान कधीपासून गेलाय?"

"झाली की आठ वर्षं."

आमच्या लग्नाला सतरा झाली होती. मी मनाशी वजा करून बघितलं, मग पुन्हा एकदा करून बघितलं.

"आणि त्याच्या आधीची नऊ वर्षं?" मी म्हटलं. "तेव्हा तर ऐकू येत होतं. तेव्हा कशाला बघत होता माझ्याकडं?"

ह्यांनी विचार केला. खरंच केला, कधी कोणी विचारलंच नसल्यासारखा. मग ओशाळून पाण्याकडं बघायला लागले.

"उगीच," म्हणाले.

सोमवारी मी मिरजेला गेले, ती फक्त भांडीकुंडी आणायला.